श्वासावरचा आळ

आर. के. पुरम, दिल्ली
२० मे २००१

दादा,

फोन केला की तुझी घरमालकीण म्हणते, "वो तो नहा रहा है." सकाळी नहा रहा है, संध्याकाळी नहा रहा है. इथे होतास तेव्हा आई टॉवेल घेऊन मागे लागायची, तरी बादलीला हात लावायचा नाहीस, आणि फरीदाबादला जाऊन एकदम गंगास्नान? म्हणून पत्र लिहितेय. पत्राला कोणी नहा रहा है सांगत नाही.

रागावलायस ते ठीक आहे. मीही रागावले असते. पण बाबांवरचा राग माझ्यावर का? मी तर त्या दिवशी हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसून गुडघा चोळत होते. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम, बाबा मंडळाचे सेक्रेटरी, पंचशील झालं, व्यसनमुक्तीवर बाबांचं भाषण झालं (दर वर्षीचं, तेच), आणि मग ते शिबिरवाले मशीन घेऊन पुढे आले. श्वास रोखा, नळीत फुंका, सिगरेट ओढणाऱ्याला लाल दिवा, न ओढणाऱ्याला हिरवा. पहिल्यांदा कोणाला उभं करायचं? तर सेक्रेटरींच्या चिरंजीवांना! बाबांनी स्वतः तुझा हात धरून नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लाल दिवा लागला तेव्हा हरिदासकाका गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. पण त्यांना कुठलं राहवतंय? "काय भाऊसाहेब, दिव्याखाली अंधार?" अख्खा हॉल हसला. तू शपथ घेतलीस, आईच्या डोक्यावर हात ठेवायला निघालास, तर बाबा म्हणाले, "मग काय मशीन खोटं बोलतंय?" आणि घरी आल्यावर ते दुसरं वाक्य. खोटारड्याला या घरात जागा नाही. बाबा रागात काहीही बोलतात हे तुला माहीत नव्हतं का? लगेच बॅग कशाला भरायची?

एक विचारू? ओढतोस का रे? ओढत असशील तर मला सांग, मी कुठे फासावर देणार आहे! पण खरं सांग आणि घरी ये. आईनं रविवारी पातोडीचा रस्सा केला आणि कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही म्हणून ती पातेल्यावरच चिडली. बाबा तुझं नाव काढत नाहीत. जिन्यात बूट वाजले की मात्र पेपर खाली करून दाराकडे बघतात.

तुझी,
कादंबरी


आर. के. पुरम
१२ ऑगस्ट २००१

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्डाचीसुद्धा अर्धी जागा कोरी सोडलीस, कंजूष! "ओढत नाही. कधीच ओढली नाही. कारखान्यात स्टोअरला लागलो. नोव्हेंबरात भरतीची धाव आहे, रोज पहाटे पळतो." वाचून आई रडली आणि लगेच विचारायला लागली की पहाटे काही खाऊन पळतो का.

वर्दीचं तुझं खूळ मला माहीत आहे. शाळेत फॅन्सी ड्रेसला दर वर्षी इन्स्पेक्टर. पण आता पुढचं जे लिहितेय ते उभ्याउभ्या वाचू नकोस. खाली बस.

मागच्या आठवड्यात माझी हॉस्पिटलची फेरी होती. तुला माहीतच आहे, सिस्टर माझा हात हातात घेतात, थापट्या मारतात, शीर सापडत नाही, मग दुसरा हात, मग पाऊल, आणि शेवटी मलाच म्हणतात, "तुम्हारी नस कहाँ गई बेटा?" जशी मी घरी विसरून आलेय. या वेळी तिथे एक नवी डॉक्टर होती. चेतना मॅडम. पुण्याच्या आहेत, मराठी ऐकून मलाच इतकं बरं वाटलं. त्यांचं संशोधन चाललंय की सिकलसेलच्या पेशंटचं रक्त न काढता, नुसत्या श्वासावरून आजार किती जोरात आहे ते कळेल का. मी विचारलं, सुई नाही? म्हणाल्या, नाही. मग काय पाहिजे ते करा म्हटलं.

त्यांनी मशीन काढलं आणि दादा, मी ते ओळखलं. थोडं मोठं होतं, पण तीच नळी, तेच पुठ्ठ्याचं नळकांडं. घरात कोणी सिगरेट ओढतं का, अंगीठी पेटवता का, सगळं विचारलं. बसच्या धुरातून आलीस ना, म्हणून आधी आतल्या खोलीत बसवून ठेवलं. मग श्वास रोखला, फुंकला. त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "बरंच फुटतंय गं तुझं रक्त."

मी म्हटलं, मॅडम, आमच्या कॉलनीत असं मशीन आलं होतं, त्यावर सिगरेटवाल्यांना लाल दिवा लागत होता. त्या म्हणाल्या, तुलाही लाल लागला असता. आपल्या लाल पेशी फुटतात ना, प्रत्येक पेशी फुटताना थोडासा गॅस सुटतो आणि तो श्वासातून बाहेर येतो. सिगरेटच्या धुरात तोच गॅस असतो. सगळ्यांच्याच पेशी थोड्याथोड्या फुटतात, पण सिकलवाल्यांच्या भराभर. मशीनला काय, गॅस दिसला की दिवा लावायचा. तो कुठून आला ते मशीन विचारत नाही.

मला तिथे बसल्याबसल्या आठवलं. दादा, तुझे डोळे. दर उन्हाळ्यात पिवळे होतात आणि आई कावीळ झाली म्हणून मुनिरक्याच्या त्या वैदूकडून मुळी घासून आणते. फुटबॉल खेळून आलास की रात्रभर पिंढऱ्या धरून बसायचास आणि बाबा म्हणायचे, वाढतं वय आहे. मी सहा वर्षांची होते तेव्हा माझं सिकल निघालं, डॉक्टरांनी सांगितलं घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आईचं तपासलं, बाबांचं तपासलं, दोघांतही अर्धं अर्धं निघालं. तुझं तपासलं नाही. "पोरगा धडधाकट आहे, एका घरात एक पुरे," असं बाबा म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं.

तू खोटं बोलत नव्हतास. मशीनही खोटं बोलत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण.

येऊन एकदा रक्त दे. एकच सुई, तुझ्या शिरा तर दोरखंडासारख्या आहेत. आणि तोवर पळू नकोस. मॅडम म्हणाल्या, सिकल असेल तर ऊर फुटेस्तोवर पळणं जिवावर बेतू शकतं, अंगातलं पाणी आटतं आणि रक्त वाटेतच अडतं. वाचतोयस ना? पळू नकोस.

कादंबरी


आर. के. पुरम
१६ सप्टेंबर २००१

दादा,

"वेडी आहेस, मला काही झालेलं नाही." बस्स? मी सहा पानं लिहायची आणि तू सहा शब्द?

मी बाबांना सांगितलं. तुला न विचारता. आईनं कुकर बंद केला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील चल, आत्ता फरीदाबादला जाऊ. तर म्हणाले, "नाही. तो ओढतच असेल."

आधी मला राग आला. इतका हट्टी माणूस! मग त्यांच्याकडे पाहिलं तर ते माझ्या औषधांच्या पुड्याकडे बघत होते. दादा, त्यांना तू सिगरेट ओढायला हवायस. चार महिने ज्या गोष्टीसाठी तुझं नाव टाकलं, तीच आता देवाकडे मागितल्यासारखी मागतायत. देव मानत नाहीत म्हणून बाबासाहेबांच्या फोटोसमोर नुसते उभे राहतात. काल पुटपुटले, "ओढत असू दे रे." आईनं ऐकलं. म्हणाली, "काय बाप्पा हे, बापानं लेकासाठी असं मागावं?" आणि पदर डोळ्यांना लावून तीही तिथेच उभी राहिली.

खरं सांगू? मलाही तेच हवंय. तू दिवसाला एक पाकीट ओढतोस, आमच्याशी साफ खोटं बोललास, असं निघालं तर मी कॉलनीभर नाचेन, गुडघा दुखला तरी. मला माहीत आहे हे काय दुखणं आहे. हाडात कोणीतरी गिरमिट फिरवतंय असं वाटतं आणि आपण ओरडायचंही नाही, कारण शेजारी विचारतात. माझ्या दुखण्याला कॉलनीत संधिवात म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी संधिवात! तुला यातलं काहीएक नको.

पुढच्या रविवारी बाबा तुझ्याकडे येतायत. भांडू नकोस. आणि त्यांना आवडेल ते सांगू नकोस, खरं सांग. मग माझ्या हॉस्पिटलला चल.

कादंबरी


आर. के. पुरम
२५ सप्टेंबर २००१

गाढवा,

बाबा परवा रात्री बर्फीचा पुडा घेऊन घरी आले. दारातूनच ओरडले, "सुमित्रा, पोरानं कबूल केलं! ओढतो म्हणाला! माझ्यासमोर पेटवली!" आणि आईला बर्फी भरवली. आईला! माझ्यासमोर! मुलगा सिगरेट ओढतो म्हणून बर्फी वाटणारा बाप अख्ख्या दिल्लीत दुसरा सापडायचा नाही. हरिदासकाकांनाही देऊन आले. ते बर्फी हातात धरून तसेच उभे राहिले, बिचाऱ्यांना कळेना अभिनंदन करावं की काय.

बाबा जेवताना किती बोलत होते म्हणून सांगू. तुझी खोली नीट आहे, कॉट आहे, घरमालकीण बरी आहे. तू त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला आलास. दिवाळीला घरी येतो म्हणालास. मी हळूच विचारलं, बाबा, पेटवल्यावर काय झालं? तर कौतुकानं म्हणाले, "अगं काय ठसका लागला त्याला! डोळ्यांतून पाणी. म्हणाला आज ब्रँड बदललाय."

ब्रँड बदललाय म्हणे. आई ऐकत होती, तिनं मान वळवली. तिलाही कळलं. बाबांना कळलं नाही, कारण त्यांना कळायला नकोच होतं.

का केलंस? बाबांच्या तोंडाकडे पाहवलं नाही म्हणून? का खरं सांगितलं असतं तर ते भरतीच्या मैदानावर आडवे पडले असते, तुला पळू दिलं नसतं म्हणून? मला वाटतं दोन्ही. आधी खरं बोललास आणि घराबाहेर गेलास. आता खोटं बोललास तर बर्फी. तुझं तरी काय चुकलं, आम्हीच तुला शिकवलं.

पण मला नाही फसवायचं. माझा गुडघा सुजलाय, मॅडमनी झोपून राहायला सांगितलंय, नाहीतर आजच आले असते. उठता आलं की आईला घेऊन येते आणि तुला कान धरून नेते. धाव पुढच्या वर्षीही असते. वर्दी कुठे पळून जात नाही. माझ्यासाठी एवढं कर रे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय? सायकल सोडून.

कादंबरी


फरीदाबाद, तुझ्या खोलीच्या पायरीवर
४ नोव्हेंबर २००१

दादा,

मी आणि आई आलोय, आत्ता कुठे माझा गुडघा उतरला. दाराला कुलूप आहे. घरमालकीण म्हणतेय, काल संध्याकाळीच बॅग घेऊन गेलास, भरतीचं मैदान कुठे आहे ते तिला माहीत नाही. "दौड़ है ना उसकी, खुश था," म्हणाली. कारखान्यात विचारलं, सुटीचा दिवस, चौकीदाराशिवाय कोणी नाही.

आईनं बाटलीत मीठ-साखरेचं पाणी भरून आणलंय तुझ्यासाठी. ती दारात बसून आहे, उठायला तयार नाही. हा कागद फटीतून आत सरकवतेय. आल्याआल्या फोन कर. आधी पाणी पी, मग फोन कर.

कादंबरी


आर. के. पुरम
१० फेब्रुवारी २००२

दादा,

तुला जाऊन तीन महिने झाले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला माहीत नाही, पण तुझ्याशी भांडल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

तुझ्याबरोबर पळणारा एक मुलगा आला होता. म्हणाला, सगळ्यांच्या पुढे होतास. शेवटच्या फेरीत पाय धरून खाली बसलास, त्यांना वाटलं वांब आला. पाणी मागितलंस. हॉस्पिटलला नेईपर्यंत बोलत होतास, दुसऱ्या दिवशी नाही. आम्ही पोचलो तेव्हा तुझे डोळे पिवळेधमक होते आणि तू आम्हाला ओळखलं नाहीस. मी खूप चिडले होते तुझ्यावर, बोलायचं ठरवून आले होते. मग तुझे तळवे चोळत बसले.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सिकल. पूर्ण, माझ्यासारखं. बाबांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि कोणाला दाखवला नाही.

आता ऐक. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगतात, सिगरेटीनं गेला. फुप्फुसं खराब झाली होती, आम्ही सांगून थकलो, ऐकलं नाही. तुझी पेटी आणली त्यात ते पाकीट होतं. त्यातली एकच सिगरेट कमी. फक्त ती एक, बाबांसमोरची. ते पाकीट बाबा फडताळात ठेवतात आणि लोकांना काढून दाखवतात, हे बघा म्हणून. आत बाकीच्या सगळ्या तशाच आहेत हे कोणाला दिसत नाही.

मी विचारलं, असं का करता? म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय. एका घरात दोघं म्हटलं तर कोण विचारेल? तो तर गेला, त्याला आता काय फरक पडतो?"

मला पडतो. पण पहाटे ते उठतात आणि तुझे धावायचे बूट पुसून पुन्हा जागेवर ठेवतात. अशा माणसाशी काय भांडायचं?

कादंबरी


आर. के. पुरम
२७ मे २००२

दादा,

काल बुद्धपौर्णिमा झाली. बाबा जायला तयार नव्हते, आईनं सदरा पुढे केला म्हणून आले. सेक्रेटरीपद त्यांनी सोडलंय, आता हरिदासकाका आहेत. पंचशील झालं. व्यसनमुक्तीचं भाषण हरिदासकाकांनी केलं आणि त्यात, दादा, तुझं नाव घेतलं. वाईट हेतूनं नाही, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "आपला सुधन्वा या सिगरेटीनं नेला, बाकीच्या मुलांनी धडा घ्यावा." बाबा खाली बघत बसले.

मग तेच शिबिरवाले, तेच मशीन. मुलं रांगेत उभी राहिली. हिरवा, हिरवा, एकाला पिवळा, त्याच्या आईनं तिथेच त्याचं बखोट धरलं. मी उठले. आईनं माझा हात पकडला, माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिला.

मी श्वास रोखला. फुंकला. लाल.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही या वेळी. शिबिराच्या बाई चपापल्या, हळूच म्हणाल्या, "बेटी, कब से पीती हो?"

मी म्हटलं, "जनम से."

मग मी माईकपाशी गेले. सगळं सांगितलं. मला संधिवात नाही, सिकलसेल आहे. माझं रक्त फुटतं, त्याचा गॅस श्वासात येतो, मशीन त्यालाच लाल दिवा लावतं. मी आयुष्यात सिगरेट हातात धरलेली नाही. मागच्या वर्षी इथेच, याच जागी, माझ्या दादाचाही असाच लागला होता. तो शपथ घेत होता आणि आपण सगळे हसलो होतो. घरी ज्यांची पोरं दर उन्हाळ्यात पिवळी पडतात त्यांनी त्यांचं रक्त तपासून घ्यावं. एवढंच बोलले. जास्त येतच नव्हतं.

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं बाबा उठून निघाले. ते पुढे येत होते. मी घाबरले, खरंच घाबरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. शिबिराच्या बाईंपुढे उभे राहिले आणि ऑफिसात साहेबांसमोर बोलतात तसे सरळ उभे राहून म्हणाले, "मशीन ठीक है, बहनजी. मेरी बेटी सिगरेट नहीं पीती. मेरा बेटा भी नहीं पीता था."

हरिदासकाका खाली बसले. चष्मा काढून हातात धरला.

माझं लग्न आता होईल न होईल. आई म्हणते बघू. आज सकाळी शेजारच्या काकू आपल्या पोरीला घेऊन आल्या होत्या, तिचे डोळे आईला दाखवायला. मी त्यांना चेतना मॅडमचा पत्ता दिला.

काल घरी येताना बाबा जिन्यात मध्येच थांबले. मला वाटलं दम लागला. कठडा धरून म्हणाले, "पोरगा शपथ घेत होता गं." मग ते वर चढायला लागले, मी त्यांच्या मागून.

तुझी,
कादंबरी